चौलच्या वाडीतले दोन दिवस: घरगुती सोय आणि भरतीचा हिशेब

अलिबाग परिसरातल्या राहण्याच्या जागेची पारख मी आजवर खोली, न्हाणीघर आणि जेवण या तीन गोष्टींवरून करीत असे. गेल्या माघ महिन्यात चौलच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत आम्ही दोघे दोन दिवस राहून आलो आणि या यादीत चौथी गोष्ट घालावी लागली: यजमानांना समुद्राच्या वेळा किती ठाऊक आहेत आणि त्या ते पाहुण्याला आपणहून सांगतात का.

हे सुचण्याचे कारण आधीच्या एका फसलेल्या सहलीत आहे. त्या वेळी आम्ही अलिबागजवळच्या एका बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात उतरलो होतो. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या आणि ओहोटीत चालत गाठता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यात केव्हा जावे, असे स्वागतकक्षात विचारले, तेव्हा ‘कधीही जा, घोडागाड्या असतातच’ असे उत्तर मिळाले. न्याहारी सावकाश आटोपून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पाणी वर चढू लागले होते, आणि किल्ल्यात शिरून गणपतीचे दर्शन घेईपर्यंत परतीची वाट बुडाली होती. होडीची वाट पाहत, उन्हात, तटाच्या सावलीचा तुकडा शोधत दोन तास काढल्यावर किल्ल्याविषयी मनात जे उरते ते फारसे ऐतिहासिक नसते.

या खेपेस ज्या घरी राहिलो त्या घराबाहेर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ एवढीच पाटी आहे. फोनवर माणसे किती आणि मासे खाता का, हे विचारून झाल्यावर घरच्या यजमानीण काकूंनी तिसरा प्रश्न केला: ‘तिथी बघून येताय की सुट्टी बघून?’ आम्ही अर्थातच सुट्टी बघून निघालो होतो. त्यांनी पंचांग उघडून त्या शनिवारी वद्य पंचमी असल्याचे पाहिले आणि ‘मग चांगले जमले, सकाळची पहिली बोट घ्या, आधी किल्ला करा, सामान नंतर टाका’ असे सांगितले. अलिबागेत राहण्याविषयी मला आजवर मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला होय.

किनाऱ्यावरच्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो, पण सहलीला येणाऱ्यांना तो क्वचितच ठाऊक असतो, म्हणून तो मांडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो आणि त्याच्या साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी असते. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेनऊ-पावणेदहाला ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, एवढेच या गुणाकारामागचे इंगित आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही, परंतु त्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, जेव्हा किल्ला पाहण्याची सोय नसते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी मिळते, पण ते भांगाचे दिवस, पाणी धड मागे हटतच नाही. तेव्हा कुलाब्यासाठी शुद्ध किंवा वद्य द्वितीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस उत्तम. हा हिशेब ठोकळ आहे. छापील तक्त्यात थोडा फरक दिसतो, पण सहल आखायला तो पुरेसा आहे.

मुंबईहून जाणाऱ्याने गेटवेची बोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तासाभरात मांडवा आणि तिथून त्याच तिकिटात बसने अलिबाग. वडखळच्या रांगेत शनिवारची सकाळ घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. स्वतःची गाडी हवीच असेल त्यांच्यासाठी 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सेवा आहे, पण चौल-रेवदंड्याला गाडीची निकड नाही; एसटी आणि मिनीडोअर, म्हणजे वाटून घ्यायच्या लहान रिक्षा, मिळतात. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आम्ही साडेनऊच्या आत किनाऱ्यावर होतो. गेल्या वेळी जिथे होड्या डोलत होत्या तिथे आता ओली, खडकाळ वाट होती आणि मधल्या पट्ट्यात घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली पाणी. घोडागाडीवाल्यांना नम्रपणे नकार देऊन चालत जाण्यात निराळीच मजा आहे, कारण तट हळूहळू मोठा होत जातो आणि त्याचे दगड कसे बसवले आहेत ते जवळून दिसते. मोठमोठे चिरे एकावर एक रचले आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना नाही. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो, असे त्याचे कारण सांगितले जाते. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात, 1680 च्या सुमारास, या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे बनला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्याच्यावर चाल केली आणि ती फसली. किनाऱ्यापासून इतक्या जवळ असलेला हा किल्ला दोन आरमारी सत्तांना का घेता आला नाही, हा प्रश्न त्या ओल्या खडकांवर उभे राहून मनात आणला की उत्तराचा एक भाग पायाखालीच सापडतो: दिवसातून दोनदा बदलणारी ही जमीन बाहेरच्याला कधीच आपली होत नाही. आत रघूजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, गोड्या पाण्याची सोय आहे आणि उत्तरेच्या तटाजवळ यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या, चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. बहुतेक सहली मंदिरापाशी येऊन मागे वळतात; तोफांपर्यंत जाण्याची तसदी घ्यावी. अकराच्या आत आम्ही कोरड्या पावलांनी नव्हे, पण निश्चिंत मनाने परतलो.

आता घराविषयी. वाडी रस्त्यापासून आत आहे, नारळ आणि पोफळींमुळे भर दुपारीही उजेड हिरवट दिसतो आणि विहिरीचा जुना रहाट मोडक्या अवस्थेत का होईना जागेवर आहे. पाहुण्यांसाठी मागच्या अंगाला तीन खोल्या बांधल्या आहेत. खोली स्वच्छ, पलंग कडक, चादरी धुतलेल्या. वातानुकूलन नाही आणि माघात ते लागतही नाही. अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते, ही गोष्ट वाचायला रम्य असली तरी आठनंतर उठणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणीच येते. तिन्हीसांजेला डास होतात. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण आमच्या खोलीतल्या एका जाळीचा कोपरा सुटलेला होता आणि तो दाखवून दिल्यावर वर्तमानपत्राचा बोळा कोंबून तात्पुरती सोय करण्यात आली. एवढ्या नीटस घराला हे शोभले नाही.

जेवण मात्र मनापासून वाखाणण्याजोगे आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर सर्वत्र सुरमई आणि पापलेट झळकत असताना या घरी विचारले गेले ते ‘आज मांदेली चांगली आली आहेत, चालतील का’ असे. कुरकुरीत मांदेली, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भात आणि सोलकढी एवढ्यावर पहिले जेवण झाले. सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची होती आणि आमसुलाचा आंबटपणा तिच्यात बेताचा होता. बाटलीतल्या गुलाबी आगळावर वाढलेल्यांना ती कदाचित फिकी वाटेल. रात्री पोपटी होती. वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे आणि मसाला लावलेली कोंबडी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात दडपून, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा, हा या भागातला हिवाळी बेत. भांबुर्डीचा उग्र वास शेंगांना लागतो, तो ज्याला आवडला त्याला पाण्यात उकडलेल्या शेंगा पुन्हा गोड लागत नाहीत. पोपटीसाठी आदल्या दिवशी सांगावे लागते, आणि शेंगांचा हंगाम सरला की काकू ती करीत नाहीत. बाजारातले गोठवलेले दाणे घालून वर्षभर पोपटी खिलवण्याचा उद्योग त्यांनी आरंभलेला नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

दुपारी चारला, ऐन भरतीच्या वेळी, आम्ही कोर्लईला गेलो, आणि ही वेळदेखील काकूंनीच ठरवून दिलेली होती. रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की समोर समुद्रात घुसलेला लांबट डोंगर दिसतो. दीपगृहापर्यंत वाहन जाते, पुढे थोडी चढण आहे. निजामशाहीने ही टेकडी बळकट करायला घेतली आणि पोर्तुगीजांनी ती 1594 मध्ये हिसकावली. ओहोटीत इथून चिखल आणि खडक दिसतात. भरतीत दोन्ही अंगांनी पाणी चढलेले असते आणि या एका डोंगरावरून खाडीचे तोंड कसे आवळता येत असेल, हे नकाशाविना कळते. पडक्या चर्चचे छप्पर गेलेले आहे, दरवाजांमागून दरवाजे येतात आणि गडावर खाण्यापिण्याचे काहीही मिळत नाही, तेव्हा पाणी बरोबर न्यावे.

किल्ल्याखालच्या गावाचे वैशिष्ट्य किल्ल्याहून मोठे आहे. पोर्तुगीजांची सत्ता 1740 मध्ये इथून उठली, पण त्यांच्या भाषेचे मराठीच्या सहवासात घडलेले एक रूप कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांतून आजही बोलले जाते. ती बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पावणेतीनशे वर्षांत शाळा, बाजार आणि कचेरी मराठीत असताना एका लहानशा वस्तीने ती टिकवली. मात्र ‘जरा बोलून दाखवा ना’ असा आग्रह करीत, मोबाइल पुढे धरून दारोदार फिरणारी मंडळी मी तिथे पाहिली आणि मराठी माणूस म्हणून संकोच वाटला.

रविवारी सकाळी चौल. ज्याला ग्रीक लेखक सिमुल्ला आणि अरब प्रवासी सैमूर म्हणत, ते बंदर बहुधा हेच. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन इथेच उतरला आणि त्याच्या आठवणीचा स्तंभ रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात उभा आहे. आज चौलमध्ये बंदर दिसत नाही, वाड्याच दिसतात, आणि त्यामुळे अनेकांचा हिरमोड होतो. रामेश्वराच्या मंदिरासमोरच्या पुष्करणीच्या पायरीवर बसून ही निराशा पचवता येते. सकाळी सात वाजता तिथे पुजारी, दोन बदके आणि आम्ही एवढेच होतो. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या आम्ही गुडघ्यांच्या सल्ल्यावरून वगळल्या.

साडेदहाच्या ओहोटीला रेवदंड्याचा किनारा गाठला. मुरूडकडे जाणारा रस्ताच इथे कोटाच्या तटातून आत शिरतो, त्यामुळे बहुसंख्य लोक किल्ल्यातून गाडी हाकतात आणि किल्ला पाहिला नाही असे सांगतात. ओहोटीत काळसर वाळूवरून तटाच्या बाहेरच्या अंगाने चालत गेले की समुद्राने दगड कुठे चाटून नेले आहेत आणि कुठे तट अजून ताठ आहे, ते नीट दिसते. आत माडांच्या गर्दीत सातखणी मनोरा आहे. आता त्याचे सगळे सात खण शिल्लक नाहीत, तरी माडांच्या वर डोके काढण्याइतका तो उंच आहे. या ठिकाणी माहितीचा एखादा धड फलक असता तर बरे झाले असते. जंजिरा मात्र या दोन दिवसांत कोंबू नये. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीसाठी सुट्टीच्या दिवशी लागणारी रांगच अर्धा दिवस खाते.

परतताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्यायचा मोह होतोच. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्यामुळेच दुसरीकडचा कांदाही त्याच नावाने रस्त्याकडेला टांगलेला असतो. काकूंनी आदल्या रात्रीच शेजारच्या शेतकऱ्याकडून दोन माळा आणवून ठेवल्या होत्या आणि त्यांवर स्वतःचे काही लावले नाही.

पैशांविषयी एक तक्रार आहे. खोलीचे एका रात्रीचे 2,200 रुपये आधी सांगितले होते आणि जेवण वेगळे, हेही सांगितले होते. पण दोन्ही दिवसांची न्याहारी आणि चहा वेगळा मोजला जाईल, हे बिल हाती आल्यावर कळले. रक्कम वाजवीच होती, घावणेही उत्तम होते, तरी दराचा एक कागद खोलीत लावायला काय हरकत आहे? काकूंना तसे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढल्या तीन महिन्यांतले, तिथी आणि शनिवार जुळणारे दिवस लिहून दिले.