लॅपटॉपवरचं पोस्टफिक्स: पावसाळा काढल्यानंतर

लॅपटॉपवर मेल सर्व्हर कशाला, असं कुणीही विचारेल. ब्राउझर उघडला की जीमेल समोर आहे, नाहीतर थंडरबर्ड आहे. तरीही फोंड्याच्या घरी, डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असलेल्या माझ्या लॅपटॉपवर मी उन्हाळ्यात पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं. पावसाळा, चवथ, दिवाळी उलटली; ते अजून चालू आहे. मत आधीच सांगून टाकतो. स्क्रिप्टमधून अधूनमधून एखादा मेल धाडायचा एवढंच काम असेल, तर या खटाटोपात पडू नका. एमएसएमटीपी हा मेल नुसता पुढे धाडणारा छोटा प्रोग्राम बसवा आणि मोकळे व्हा. पोस्टफिक्स घ्यायचं ते दोन गोष्टींसाठी: नेट नसताना मेल धरून ठेवणारी रांग, आणि मशीनने तुम्हालाच लिहिलेले मेल.

माझं काम अक्षरजुळणीचं. बिलं आणि प्रुफं स्क्रिप्टने जातात, रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, बॅकअप घेतो. पावसात इथे वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की नेट गेलं. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच. अशा वेळी स्क्रिप्टने मेल पोस्टफिक्सच्या हाती दिला की तिचं काम संपतं. पुढचं पोस्टफिक्स बघतं.

घरच्या नेटवरून समोरच्याच्या सर्व्हरला थेट मेल द्यायचा विचार करत असाल तर तो सोडा. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पोर्ट २५ बऱ्याच ठिकाणी बंदच असतं. उघडं असलं तरी घरगुती आयपी पत्त्यांचे पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे जिथून थेट मेल येऊ नये अशा पत्त्यांच्या यादीत असतात, आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतं. त्यामुळे आपल्याच खात्यातून, पोर्ट ५८७ वरून, लॉगिन करून मेल पुढे द्यायचा.

बसवताना डेबियन विचारतं की मेलची मांडणी कुठल्या प्रकारची हवी. लॅपटॉप म्हटल्यावर 'सॅटेलाइट सिस्टिम' निवडावंसं वाटतं, पण त्यात सगळाच मेल बाहेर जातो. स्थानिक मेल मशीनवरच राहायला हवा असेल तर 'इंटरनेट विथ स्मार्टहोस्ट' घ्या; स्मार्टहोस्ट म्हणजे आपला मेल पुढे नेणारा सर्व्हर. मग मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलीत इनेट_इंटरफेसेसला 'लूपबॅक-ओन्ली' द्या, म्हणजे कॅफेच्या वायफायवर कुणाला तुमचं पोस्टफिक्स दिसणार नाही. रिलेहोस्टमध्ये त्या पुढे नेणाऱ्या सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहायचं. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स, म्हणजे मेल स्वीकारणारा सर्व्हर, शोधायला जातं आणि भलत्याच दारात उभं राहतं. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, मग १६ अक्षरी ॲप पासवर्ड. तो ज्या फाइलीत ठेवाल तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करा आणि पोस्टमॅप चालवा, म्हणजे पोस्टफिक्सला ती वापरता येईल. लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' दिसलं तर पासवर्ड पुन्हा पुन्हा तपासत बसू नका, लिबसॅसल२-मॉड्यूल्स हे पॅकेज राहिलेलं असतं. लॉगही नेहमीच्या जागी मिळेलच असं नाही. डेबियन १२ मध्ये लॉगच्या फाइली लिहिणारं आरसिसलॉग आपोआप येत नाही, त्यामुळे जर्नलसीटीएलमध्ये बघावं लागतं.

इथवर कुठलंही मार्गदर्शन तुम्हाला आणून सोडतं. लॅपटॉप हलता असतो, ही गोष्ट त्यात फारशी नसते.

घरी मेल व्यवस्थित जायचे. पणजीला गेलो, फोनचा हॉटस्पॉट लावला, की ब्राउझर सुरळीत आणि मेलक्यूमध्ये (रांगेच्या यादीत) मात्र प्रत्येक मेलखाली कंसात 'होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड'. कारण असं: डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सचा पाठवणारा भाग क्रूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या कोंडलेल्या फोल्डरात चालतो आणि सुरू होताना, नावांचे पत्ते कुणाला विचारायचे हे सांगणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत तिथे घेतो. नेट बदललं तरी ती प्रत जुनीच. बिचारं पणजीत बसून फोंड्याच्या राउटरला पत्ते विचारत होतं. उपाय दोन. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड ही मशीनवरचीच पत्ते शोधणारी सेवा वापरा, म्हणजे त्या फाइलीतला पत्ता कायम १२७.०.०.५३ राहतो. नाहीतर मास्टर.सीएफमध्ये पाठवणाऱ्या एसएमटीपीच्या ('युनिक्स' लिहिलेल्या) ओळीत क्रूटच्या रकान्यात 'एन' घाला. मी दुसरा केला. लॅपटॉपवर त्या कोंडवाड्याचा मला फारसा उपयोग दिसत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या वेळेची. मेल गेला नाही की पोस्टफिक्स आधी ३०० सेकंद थांबतं, मग प्रत्येक अपयशानंतर ही वेळ वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतं. सर्व्हरवर हे शहाणपणाचं. कोकण रेल्वेने मडगावहून रत्नागिरीला निघालात, तर दोन बोगद्यांच्या मध्ये मिनिटभर रेंज येते, आणि पोस्टफिक्सची वेळ तेव्हा भरलेलीच नसते. म्हणून नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरात दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली: जोडणी आली की 'पोस्टक्यू -एफ'. आता रेंज आली की रांग लगेच हलते. याच्या जोडीला डिले_वॉर्निंग_टाइम, म्हणजे मेल अडकल्याचं कळवायची वेळ, चार तासांवर ठेवला आहे. मूळची सेटिंग शून्य, म्हणजे पाच दिवसांनी मेल परत येईपर्यंत तुम्हाला पत्ताच नाही.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा स्थानिक मेलचा. पोस्टफिक्स 'सेंडमेल' नावाचीच कमांड देतं, त्यामुळे क्रॉन, डिस्कवर नजर ठेवणारा स्मार्टडी वगैरे जुनी मंडळी काहीही न शिकवता बोलू लागतात. एलियासेस या फाइलीत रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, मेल स्वतःच्या नावावर वळवायचा, न्यूएलियासेस चालवायचं, आणि सकाळी चहाबरोबर मट हे मेल वाचायचं साधन उघडायचं. एरवी क्रॉनचं रडगाणं हवेत विरायचं. चवथीच्या आधी, जत्रा-उत्सवांच्या पत्रिकांची घाई असताना, एका सकाळी स्मार्टडीचा मेल पडलेला दिसला. विषय 'करंटपेंडिंगसेक्टर', खाली डिस्कचं नाव आणि न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा आकडा. बॅकअप कुरकुर न करता होत होता, फाइली उघडत होत्या. तरी त्याच आठवड्यात डिस्क बदलली. हा इशारा पडद्याच्या कोपऱ्यात उमटून जाणारा असता तर मी तो घाईत बंद केला असता. मेल मात्र पडून राहिला.

बारीकसारीक कटकटी आहेतच. मशीनवरून निघालेल्या मेलवर 'रूट ॲट लॅपटॉपचं नाव' असा पत्ता राहतो. तो एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्सने बदलावा लागतो. क्रॉनमधून मट चालवताना यूटीएफ-८ लोकेल (देवनागरी चालवणारी भाषेची सेटिंग) नसेल तर देवनागरी विषयाची प्रश्नचिन्हं होतात, तेव्हा स्क्रिप्टच्या डोक्यावरच तो लावा. माझ्या एका गिऱ्हाइकाला 'देयक' ऐवजी नुसती प्रश्नचिन्हं गेली आणि त्याने फोन करून विचारलं, भट, हे काय विचारताय? एखाद्या हॉटेलच्या वायफायवर ५८७ अडवलेलं असेल तर ४६५ घ्या, पण त्यासोबत एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड 'येस' हवं, नाहीतर जोडणी नुसती लटकून राहते.

जीमेलच्या दोन खात्यांसाठी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून पासवर्ड निवडायची सोय लावली आहे, ती बिनबोभाट चालते. आउटलुकच्या खात्याचं मात्र जमवलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक खात्यांना साध्या पासवर्डचं लॉगिन बंद केलं, ओऑथच, म्हणजे पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन, लागतं, आणि पोस्टफिक्सला त्यासाठी वेगळं प्लगिन व टोकन ताजं ठेवणारी स्क्रिप्ट जोडावी लागते. महिन्याकाठी दोन-चार मेलांसाठी तेवढं करायची माझी तयारी नाही. त्या खात्याचे मेल मी थंडरबर्डमधूनच पाठवतो.