वैयक्तिक योगोपचाराच्या नावाखाली माझे १,२१,००० रुपये गेले

माझी १,२१,००० रुपयांची फसवणूक झाली. ती लॉटरीच्या किंवा दामदुप्पट योजनेच्या आमिषाने झाली नाही. माझ्याच घरात, चटईवर डोळे मिटून पडलेली असताना झाली. हे लिहिताना मला लाज वाटते, तरीही लिहीत आहे, कारण एकट्या राहणाऱ्या आणि दुःखाने खचलेल्या बायकाच या माणसांना हव्या असतात.

यजमान गेल्यानंतर दीड वर्ष मला धड झोप नव्हती. त्यातच कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकल्याचे एमआरआयमध्ये निघाले. डॉक्टरांनी पुढे वाकायचे नाही असे बजावले. जाणकाराच्या देखरेखीखाली योग करायला मात्र हरकत नाही, असेही सांगितले. पुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला योगोपचार ही थाप वाटण्याचे कारण नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत तपासले. दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळे यांच्या आधाराने दुखणाइतांकडूनही आसने करवून घेणारे बी. के. एस. अय्यंगार तर पुण्यातलेच. तेव्हा ‘फक्त तुमच्यासाठी, मन आणि शरीर दोन्हींसाठी’ अशी जाहिरात फोनवर पाहून मी चौकशी केली, यात मूर्खपणा कुठला, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

घरी येऊ लागलेल्या त्या योगशिक्षकाने पहिल्या भेटीतल्या ‘प्रकृती-परीक्षणा’चे १,५०० रुपये घेतले. मग प्रत्येकी १,८०० प्रमाणे बारा सत्रांचे २१,६००. सहाव्या आठवड्यात ‘नव्वद दिवसांचा भावनिक आरोग्य संकल्प’, त्याचे ५४,०००, तेही एकरकमी आणि आगाऊ. चटई, पट्टा आणि दोन लोड यांचे ८,९००; तसेच सामान मी नंतर बाजारात पाहिले, त्याला निम्मेही पैसे पडत नव्हते. शेवटी कोकणातल्या निवासी शिबिरासाठी ३५,०००. संकल्पातल्या ३६ सत्रांपैकी ७ झाली, शिबिराची तारीख तीनदा पुढे गेली आणि मग फोन बंद झाला.

ज्या क्षणी मी उठायला हवे होते, तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नववे सत्र होते. मी शवासनात होते आणि तो हळू आवाजात बोलत होता: “ताई, आता मुलीला मनातून क्षमा करा. ती परक्या घरी गेली, पण तुमचीच आहे.” मला मुलगी नाही. मला एक मुलगा आहे, तो बंगळुरूला असतो आणि आमच्यात क्षमा करण्यासारखे काहीही घडलेले नाही. हे त्याला पहिल्याच भेटीत दीड तास सांगितले होते, त्याने ते वहीत लिहूनही घेतले होते. म्हणजे ही वाक्ये दुसऱ्या कुणा बाईसाठी पाठ केलेली होती आणि ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणत तो घरोघरी तीच म्हणत होता. मला ते त्याच क्षणी कळले. तरी मी डोळे उघडले नाहीत. बोलण्याच्या ओघात चुकले असेल, असे म्हटले. कारण आठवड्यातून दोनदा कोणीतरी आपल्याकडे पूर्ण तासभर लक्ष देते, हे मला गमवायचे नव्हते.

त्याआधीही खुणा होत्या. मी शाळेच्या कार्यालयात ३१ वर्षे फीच्या पावत्या फाडल्या आणि या माणसाकडून एकही पावती घेतली नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नाव नव्हे, भलत्याच व्यक्तीचे नाव येत होते. विचारले तेव्हा “हिशेब बहिणीच्या खात्यात असतो” असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. पडद्यावर अनोळखी नाव दिसले तर पैसे पाठवू नका, समोर कोणीही बसलेले असो. त्याने मला पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचे आसन, करायला लावले. डॉक्टरांनी मनाई केल्याचे सांगितले, तर म्हणाला, “दुःख कंबरेत साठतं, ताई, ते वाकल्याशिवाय सुटत नाही.” चौथ्या दिवशी माझ्या डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयचा अहवाल न वाचता आसन सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सर्वांत जास्त संताप येतो तो त्याच्या निरोपांचा. ५४,००० द्यायला मी दोन दिवस मागितले, तेव्हा माझ्या यजमानांचे नाव घेऊन त्याने लिहिले की, “त्यांनाही तुम्ही बऱ्या व्हायला हव्या असाल.” ते नाव मी त्याला रडत रडत सांगितले होते. तेच त्याने वसुलीसाठी वापरले.

पोलीस चौकीत मला तीन तास बाकावर बसवून ठेवले. “काकू, पैसे तुम्ही स्वतः दिले, त्याने शिकवलंही, यात फसवणूक कुठली? ही दिवाणी बाब आहे.” फसवण्याच्या हेतूने पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी मुलाने लिहून दिलेल्या कागदावरून वाचून दाखवले, तर मला सायबर विभागाकडे धाडले. तिथे सांगितले की माणूस घरी येत होता, म्हणून हे सायबर नाही. परत चौकीत जा. चौकीत साहेब बदलले होते आणि माझा अर्ज सापडत नव्हता. तो मी तिसऱ्यांदा लिहून दिला. एका हवालदाराने तर यूट्यूबवर योग फुकट असतो, असे मला ऐकवले. बँकेने दोन ओळींत कळवले की व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला असल्याने परतावा शक्य नाही. पाच खेपांनंतर माझ्या हाती पोच म्हणून एक शिक्का आहे, त्यावरची तारीखही वाचता येत नाही. माझ्या वयाच्या बाईने दुखऱ्या कंबरेने किती जिने चढायचे?

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करा. मी दोन महिन्यांनी केला. प्रमाणपत्र मागा आणि वाचाही. त्याच्या चौकटीतले प्रमाणपत्र दोनशे तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे होते, उपचाराचा त्यात एक शब्दही नव्हता. केंद्राचे योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून आहे. आपल्या शिक्षकाकडे त्याचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोच कसला? नव्वद दिवसांचे पैसे आधी कोणालाही देऊ नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही मला कोणत्याही कार्यालयाने नव्हे, शेजारच्या वकील मुलीने सांगितले. तिने सगळे निरोप छापून आणायला सांगितले होते. यजमानांचे नाव असलेला तो कागद मी दोनदा गठ्ठ्यातून काढून ठेवला आणि अखेर पुरावा म्हणून तोच सगळ्यांत वर लावला.