नववीचा प्रकल्प: सगळ्यांचा एक, की ज्याचा त्याचा?

नाशिकच्या शाळेत एकत्र प्रकल्पाला गोदावरी उत्तम. गंगापूर धरणाखाली, रामकुंडावर आणि तपोवनात पाण्याचे नमुने घ्यायचे. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) विज्ञानात, आलेख गणितात, घाटावरच्या मुलाखती मराठीत. एक टीडीएस मीटर आणि पीएच पट्ट्यांचं एक पाकीट वर्गाला पुरतं. अडतं ते वेळापत्रकात, तीन शिक्षकांचे तास जुळवताना. नमुने वेगवेगळ्या दिवशी घेतले आणि मध्येच धरणातून पाणी सुटलं, तर तुलना बादच. तिन्ही एकाच सकाळी घ्या. कामं नावानिशी वाटा, नाहीतर दोघं राबतात आणि बाकीचे फोटोपुरते.

स्वतंत्र प्रकल्पात प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो, हे मोलाचं. उदाहरणार्थ, 5 किलो कांदा जाळीच्या पिशवीत टांगून दर रविवारी त्याच काट्यावर वजन. सडलेला कांदा काढताना त्याचं वजन लिहिलं नाही, तर सुकून किती घटलं आणि सडून किती, हे कळतच नाही. खर्च नगण्य, पण शिक्षकाचा वेळ जातो: 40 मुलं, आठवड्याला प्रत्येकी 5 मिनिटं म्हणजे 200 मिनिटं. तेवढा वेळ दिला नाही, तर नेटवरून उतरवलेल्या फायली हातात येतात.

पट मोठा, मुलं नवखी असतील तर गोदावरी. नोंदवहीची सवय असलेला, तिसाच्या आतला वर्ग असेल तर बेधडक स्वतंत्र.