आधी फिल्टर की थेट फीड पंप?

कसारा घाट चढताना जुनी डिझेल फोर बाय फोर तिसऱ्या गिअरवर मान टाकते, उभी असताना मात्र इंजिन घड्याळासारखं चालतं. अशा वेळी कुणी ना कुणी म्हणतंच, फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा पंप, गेला. माझं मत, आधी डिझेल फिल्टर. लोड आल्यावरच डिझेल कमी पडतंय, म्हणजे वाट तुंबलीय.

गेल्या पावसाळ्यात त्र्यंबकहून परतताना माझी गाडी अशीच अडकली. फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतलं. पाच मिनिटांत तळाशी बोटभर पाणी, त्यावर तपकिरी गाळ. नवा फिल्टर, नवे तांब्याचे वॉशर, मग डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा काढायची. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करून हातपंप (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल आलं की दाबतानाच स्क्रू कसायचा. हे घरच्या अंगणात होतं, खर्चही मोजका.

पंपाची लक्षणं वेगळी. रात्रभर उभी गाडी सकाळी लांब स्टार्टर मागते, हातपंप दाबला तर हाताला जोरच लागत नाही. (तुंबलेल्या फिल्टरवर तोच हातपंप कडक लागतो.) तरी आधी टाकीकडचा रबरी पाइप आणि क्लॅम्प बघा, तिथून हवा ओढली तरी हेच होतं. डायफ्रामचा, म्हणजे आत लवचिक पडदा असलेला, पंप असेल तर डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय, तर डायफ्राम फाटलेला असू शकतो. मग गाडी चालवू नका, पंप बदला, ऑइलही.

पंप बदलला तर फिल्टर त्याच दिवशी नवाच टाका.