कांदळवनाच्या मांडणशिल्पासाठी ऑडिओमॉथ: कुठे चालतो, कुठे अडतो

कोकणातल्या खाडीवर दृक्-श्राव्य मांडणशिल्प करायचं तर रेकॉर्डर तिथे महिनाभर राहायला हवा. एका उधाणापासून भांग (लहान भरतीचे दिवस) ओलांडून पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडा जातो, आणि असे दोन पंधरवडे ऐकल्याशिवाय जागेची लय हाती लागत नाही. या कामाला ऑडिओमॉथ हा ओपन-सोर्स रेकॉर्डर चोख आहे: तळहातात मावणारा, तीन एए सेलवर चालणारा, मायक्रोएसडी कार्डावर मोनो वेव्ह फाइल लिहिणारा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो दर, 8 ते 384 किलोहर्ट्झ.

कार्डाचा हिशोब आधी करा. 48 किलोहर्ट्झला मिनिटाला 5.76 एमबी लागतात. सलग रेकॉर्डिंग ठेवलं तर 64 जीबीचं कार्ड आठवड्याभरात भरतं. दर पाच मिनिटांत एकच मिनिट घेतलं तर दिवसाला सुमारे 1.66 जीबी, म्हणजे तेच कार्ड महिनाभर पुरतं. सेटिंगच्या ॲपमध्ये रोज किती मिलिॲम्पिअर-तास खर्च होतील तेही दिसतं; त्यावरून सेल निवडा.

सगळ्यात जास्त कामं घड्याळापायी वाया जातात. यंत्र मुळात जागतिक प्रमाणवेळ धरतं आणि फाइलचं नाव त्याच वेळेचं पडतं. भरती-ओहोटीचं कोष्टक आपल्या वेळेत असतं. हा साडेपाच तासांचा फरक लक्षात घेतला नाही तर ऐन भरतीचा आवाज ओहोटीच्या चित्रावर बसतो, आणि खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ते तत्क्षणी कळतं. सेल काढले की वेळ पुन्हा लावायलाच हवी. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या चाइम ॲपमधून सुरांनी लावता येते. शेवटी खटका 'कस्टम'वर आणा. हिरवा दिवा लुकलुकला की यंत्र वाट बघतंय, लाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू. रहदारीच्या जागी दिवे सेटिंगमधून बंद ठेवलेले बरे.

तिवराच्या खोडावर उधाणाच्या पाण्याची चिखलरेघ दिसते. तिच्या हातभर वर, कापडी पट्ट्याने बांधा. खिळा मारू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा वन विभागाची परवानगी घ्या. गावालाही सांगा, कारण होडीतून जाणाऱ्यांचं बोलणंही यात टिपलं जातं.

कंपनीची पाणीरोधक पेटी पावसात टिकते, पण जून ते सप्टेंबर थेंबांचा ताशा इतर सगळं झाकून टाकतो. खारी हवा सेलच्या टोकांवर आणि खटक्यावर चढते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रबरी कडेत वाळूचा कण अडकलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा.

आवाजाची खरी मर्यादा म्हणजे यंत्राची स्वतःची सळसळ. पहाटेच्या शांततेत, लांबच्या कोल्हेकुईमागे ती ऐकू येते. गेन, म्हणजे टिपलेला आवाज किती वाढवायचा ते सेटिंग, मध्यम ठेवा. वाढवलात तर सळसळही वाढते आणि जवळचा खंड्या ओरडला की आवाज फाटतो. ओहोटीला चिखलातून येणारे चिमटेवाल्या कोळंबीचे कडाके मात्र लख्ख येतात. चिमटा वेगाने मिटताना पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळताना हा आवाज होतो. तो पाण्याखालून हवा असेल तर त्याच घराण्यातला हायड्रोमॉथ लागेल.

चार यंत्रं लावून स्टिरिओ करायच्या फंदात पडू नका. त्यांची घड्याळं थोडी थोडी सरकतात आणि आवाजांचा मेळ बसत नाही. एका यंत्राला एक स्पीकर द्या आणि दालनात ते खाडीतल्याच क्रमाने ठेवा. वटवाघळांसाठी 256 किलोहर्ट्झला टिपून दहापट संथ वाजवलं तर 40 किलोहर्ट्झची हाक 4 किलोहर्ट्झला येते, आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाच्या कंपनांचं चित्र, भिंतीवर सुरेख उतरतो.

होड्यांच्या इंजिनाचा आवाज सॉफ्टवेअरने पुसू नका. निसर्गातले आवाज टिपणारे अभ्यासक बर्नी क्राउस यांनी जीवांचे, वारा-पाण्याचे आणि माणसांचे असे आवाजाचे तीन थर सांगितले आहेत. तिसरा काढला की उरते ती कुठेच नसलेली खाडी. दहा मिनिटांचं आवर्तनही नको. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, तेवढंच आवर्तन ठेवा. दालन सकाळी दहाला उघडलं तरी पाणी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकलेलं असेल, आणि आज आलेल्याला कालच्यापेक्षा वेगळी खाडी ऐकू येईल. महिनाभराच्या नोंदी असल्या तरच हे जमतं, आणि एवढ्या किमतीत त्या देणारं दुसरं यंत्र सुचवणं कठीण आहे.