कसबा पेठेत घर घेऊन वर्ष उलटलं: तांबट आळीच्या शेजारचा अनुभव

पुण्यातल्या कसबा पेठेत घर घ्यावं का असं ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही आधी इथेच भाड्याने राहिलो, आवडलं, मग तांबट आळीपासून, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीपासून, दोन बोळ सोडून रीसेलचा टू बीएचके घेतला. जुना वाडा पाडून नव्वदच्या दशकात बांधलेली चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आता उन्हाळा, पावसाळा, गणपती सगळं बघून झालंय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आवाजाचा. हो, आवाज आहे. सकाळी दहाच्या सुमारास एका कारखान्यातून ठोके सुरू होतात, मग दुसऱ्यातून, आणि दुपारी जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळपर्यंत चालतात. तांब्यावर हातोडी पडते तो आवाज ड्रिल मशीनसारखा डोक्यात जात नाही, त्याला एक लय असते, पण ती दिवसभर असते हे आधीच लक्षात घ्या. ज्यांना घरून मीटिंगा घ्यायच्यात त्यांनी बोळाच्या मागच्या बाजूची खोली बघावी. रात्री मात्र इतकी शांतता की सिंहगड रोडवरच्या आमच्या जुन्या घरी ती कधीच नव्हती.

आता हा आवाज कशाचा ते सांगते, कारण इथे राहायचं की नाही हे त्यावरच ठरतं असं माझं मत झालंय. तांबट म्हणजे त्वष्टा कासार समाजाची मंडळी, पेशवाईच्या काळापासून इथे वसलेली. बंब, हंडे, घंगाळी, कळशा, देवळांचे कळस हे त्यांचं काम. घराघरात गिझर आले, स्टील आलं आणि बंब-हंड्यांचं गिऱ्हाईक आटत गेलं, कारखाने कमी झाले, पण जे आहेत ते खरंच काम करणारे आहेत, टुरिस्टांना दाखवायला ठेवलेले नाहीत. आमच्या वाटेवर एक काका बसतात. जमिनीत रोवलेला जाड लोखंडी दांडा, त्याच्या टोकावर घंगाळ्याची कड अडकवलेली, डाव्या हाताने भांडं किंचित किंचित फिरवत जायचं आणि उजव्या हाताने हातोडी, एका ठोक्याला लागून दुसरा, असे गोल रांगेत ठोके पडत जातात आणि मागे चकचकीत खवले उमटत जातात. हे मठारकाम. मी आधी समजत होते की नक्षी म्हणून करतात. काकांनी मला दोन भांडी हातात दिली, एक मठारलेलं आणि एक न मठारलेलं, आणि म्हणाले, "दाबून बघा ताई." न मठारलेल्याची कड अंगठ्याने आत जात होती! ठोके बसले की तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही पोचे न पडता टिकतं. मधे मधे ते फार कडक झालं की भट्टीत लाल करून परत मऊ करायचं, नाहीतर चीर जाते. भट्टीचा थोडा धूर आणि भांडी आंबटात धुतल्याचा वास बोळात असतोच. घरात कुणाला दमा असेल तर भट्टीच्या अगदी वरचं घर घेऊ नका, हे मनापासून सांगते.

आमच्या स्वयंपाकघरात आता तांब्याची घागर आहे, आणि कल्हई लावून घ्यायला कुठे जायचं हा प्रश्न इथे पडत नाही.

खरेदीकडे येते, कारण तिथे लोक जास्त फसतात. पेठेत तीन प्रकारचा माल दाखवतात. एक, मालकी हक्काचा फ्लॅट. दोन, जुन्या वाड्यातली पागडीची खोली. तीन, वाडा पाडून होणाऱ्या नव्या स्कीममधलं बुकिंग. पागडी स्वस्त दिसते म्हणून लगेच भुलू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता आहे, पण तुम्ही विकत घेता तो भाडेकरूचा हक्क, भिंती मालकाच्याच राहतात. बँका त्यावर सहसा होम लोन देत नाहीत. आणि मालकाची लेखी संमती, तुमच्या नावाची भाडेपावती हे दोन्ही हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

मालकीच्या फ्लॅटलाही वकील लावाच. नगर भूमापनातून मालमत्ता पत्रक काढा, त्यावर नावं किती आहेत बघा. एका वाड्याला आजोबांच्या पिढीतल्या चार भावांची नावं, त्यांच्या वारसांपैकी कुणी नाशिकला, कुणी अमेरिकेत, कुणाची नोंदच झालेली नाही, हे इथे घरोघरी आहे. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी), सोसायटी रजिस्टर्ड आहे का, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, हे सगळं विचारा. आम्हाला एका बँकेने ऐन वेळी बिल्डिंगचं वय आणि भोगवटा पत्राची जुनी, पुसट कॉपी बघून नाही म्हटलं, दुसरीकडून लोन मंजूर होईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि एजंट मात्र "होऊन जाईल मॅडम" यापलीकडे काही सांगत नव्हता. अशा वेळी करारात मुदत वाढवायचं कलम असेल तर हातचे पैसे जात नाहीत.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के पडतं, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. आम्ही म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. स्वतः राहत असाल तर महापालिकेकडे पीटी-३ फॉर्म भरून मिळकतकरातली ४० टक्के सवलत घ्या, ती रीसेलमध्ये आपोआप तुमच्या नावावर येईल असं धरून बसू नका. शनिवारवाड्याच्या अंगाला असलेली प्रॉपर्टी बघत असाल तर अजून एक गोष्ट, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी लागते. तिथल्या वाड्याच्या रीडेव्हलपमेंटची स्वप्नं कुणी दाखवत असेल तर आधी अंतर मोजा.

रोजचं जगणं सांगायचं तर चालत्या माणसासाठी ही पेठ सोन्यासारखी आहे. मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोड पायी. कमला नेहरू हॉस्पिटल आणि रास्ता पेठेतलं केईएम जवळ, सासूबाईंसाठी हे फार महत्त्वाचं होतं. मेट्रोने तर चित्रच बदललं. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, कसबा पेठ स्टेशन फडके हौदाजवळ आहे, नवरा एक स्टेशन जाऊन सिव्हिल कोर्टला लाइन बदलतो आणि कल्याणीनगरला ऑफिस गाठतो. गाडी काढायचीच वेळ येत नाही, आणि बरंच आहे, कारण पार्किंग नावाला नाही. बिल्डिंगखाली टू-व्हीलर कशाबशा मावतात. चारचाकी असेल तर महिन्याच्या भाड्याने कुठे लावता येईल ते घर घ्यायच्या आधी ठरवा, नंतर नाही. सामान हलवताना आमचा टेम्पो बोळात शिरलाच नाही, कपाटं चौकातून हमालांनी आणली.

गणपतीचे दहा दिवस वेगळंच जग. ग्रामदैवत आणि पहिला मानाचा कसबा गणपती हाकेच्या अंतरावर, दुसरा मानाचा तांबडी जोगेश्वरीचा गणपतीही जवळ. रस्ते बंद, पाहुण्यांची वर्दळ, ढोल-ताशा. मला हे प्रचंड आवडतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ठोक्याठोक्याला खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्यामुळे तान्हं बाळ किंवा हार्ट पेशंट घरात असेल तर ते दोन दिवस नातेवाइकांकडे जायची सोय करून ठेवा. पावसाळ्यात आजूबाजूच्या मोडकळीला आलेल्या वाड्यांची काळजी वाटते, महापालिका नोटिसा लावते पण भाडेकरू जाणार कुठे? तुमच्या भिंतीला लागून असा वाडा आहे का, हे घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर जाऊन बघाच.

शेवटची गोष्ट नव्या स्कीममध्ये बुकिंग करणाऱ्यांसाठी, आणि ही माझ्या मनाला फार लागते. ब्रोशरवर 'हेरिटेज' लिहितात, पण त्या जागी जे कारखाने होते त्यातले बहुतेक भाडेकरू होते, त्यांना नव्या बिल्डिंगमध्ये 'गाळा' देतात. टाइल्स बसवलेला, शटरवाला गाळा. तिथे तांबट काय करणार? त्याला दांडा जमिनीत रोवायचाय, खाली बेसमेंट असेल तर रोवणार कुठे? भट्टीच्या धुराला बाहेर जायला वाट हवी. आणि वर राहायला आलेले लोक पहिल्याच महिन्यात आवाजाची तक्रार करतात, मग तो गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने जातो. तेव्हा बुकिंग करताना बिल्डरला सरळ विचारा, खालच्या कारागिरांना जमिनीलगत, खाली पोकळी नसलेली जागा देताय का, धुराड्याची सोय नकाशात आहे का, आणि कारखाना दिवसा चालणार हे आमच्या करारात लिहिणार का. आमच्या समोरच्या वाड्याची बोलणी सध्या चालू आहेत, काका आणि बाकीचे भाडेकरू याच तीन मुद्द्यांवर अडून आहेत, आणि आमच्या सोसायटीनेही त्यांना लेखी पत्र दिलंय की आवाजाला आमची हरकत नाही.

घर बघायला याल तर रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी दुपारी साडेतीनला या आणि खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास बसा.