बारा ताटं घ्यायची असतील तर आधी कड बघा

सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की दिवाळीच्या बाजारात घरच्या ताटांचा विषय निघतो. दुकानात समोर स्टीलचा ढीग, बाजूला मेलामाइन आणि पांढरी ओपल काच, वरच्या फळीवर पितळ नि कासं. प्रत्येकाबद्दल दुकानदार एकच सांगतो, "जन्मभर पुरेल." खरं किती पुरतं हे बघायला आपल्याकडे एक सोय आहे. आहेराच्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरायची आपली रीत. घरातली ताटं काढा आणि तारखा वाचा. 1980-85 ची तारीख असलेलं जाड स्टीलचं ताट अजून रोजच्या जेवणात दिसेल, आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या लग्नातलं पातळ ताट ढोरांच्या ढेपेसाठी गोठ्यात गेलेलं असेल. म्हणजे स्टील घ्यायचं की नाही एवढ्यावर निवड संपत नाही. कुठलं स्टील, हे त्याहून महत्त्वाचं.

तरी आधी बाकीच्यांचं बघून घेऊ.

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटं आता कोणी मुद्दाम घेत नाही, आणि ते बरंच आहे. अंबाडीची भाजी, चिंचेचं सार, ताक, कढी असं आंबट आपल्याकडे रोजचं, आणि आंबट ॲल्युमिनियमला खातं. ताट काळं पडतं, खड्डे पडतात, हात लावला की बोटं काळी होतात.

मेलामाइन हलकं, दिसायला छान, पडलं तरी सहसा फुटत नाही. पण त्याचं आयुष्य वरच्या चकाकीएवढंच. राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासलं की ती चकाकी जाते. मग हळद आणि तर्रीचं तेल आत मुरतं, पिवळे डाग निघत नाहीत. रोजच्या वापरात तीन-चार वर्षांत ताट खरखरीत होतं, आणि खरखरीत झालेल्या मेलामाइनवर गरम, आंबट जेवण वाढू नये. पाहुण्यांच्या चहा-चिवड्यासाठी अर्धा डझन असायला हरकत नाही, रोजच्या वरणभाताला ते नको.

ओपल काचेवर डाग पडत नाही, वास राहत नाही, आंबटाचं काही भय नाही. न पडल्यास ती कितीही वर्षं टिकेल. पण सारवलेल्या भुईवर वाचलेलं ताट शहाबादी फरशीवर वाचेलच असं नाही, आणि फुटलं की बारीक तुकडे खोलीभर उडतात. घरात रांगतं मूल असेल तर हे आधी लक्षात घ्या. शिवाय सहातलं एक फुटलं की तसंच फूल असलेलं दुसरं ताट मिळत नाही.

पितळेची गोष्ट वेगळी. भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भात घरोघरी पोचलेली, आणि गुंड, कोपर, गडवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात यात शंका नाही. पण गुंडात पाणी असतं, ताटात आंबट असतं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, कढी कळकते. तांबं-जस्त आंबटात उतरतं आणि चव बिघडते. म्हणून ताटाला आतून कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं तापवायचं, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे फिरवायचं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे थर मऊच असतो. पातेल्यापेक्षा ताटावरची कल्हई लवकर जाते, कारण ताट दोन वेळा घासलं जातं, तेही राखेनं. रोजच्या वापरात सहा महिन्यांच्या आत मधला भाग पिवळा दिसू लागतो. कल्हईवाला पूर्वी गल्लीत येऊन भाता मांडायचा. आता त्याला शोधत तालुक्याला जावं लागतं. त्यात कथलात शिसं मिसळणारेही असतात, आणि ते शिसं सरळ जेवणात येतं. जवळ खात्रीचा कल्हईवाला असेल तरच पितळी ताट घ्या.

कासं मात्र मनापासून आवडावं असंच आहे. साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील, कल्हईची गरज नाही, आणि हातानं ठोकलेल्या चांगल्या ताटाची कड एकसंध असते, कुठे मुडप, म्हणजे दुमडलेला पत्रा, नाही. बोटानं वाजवलं की नाद लांबतो. नाद बद्द आला तर तडा आहे किंवा धातू भलताच आहे. पण कासं ठिसूळ. मोरीच्या कट्ट्यावरून निसटलं की वाकत नाही, तडकतं. तडकलेलं कासं नीट जोडता येत नाही, ते मोडीतच जातं. आंबट वाढून ठेवलं तर काळे-हिरवट डाग पडतात, ते चिंच नि राखेनं रोज काढावे लागतात. किंमत स्टीलच्या कितीतरी पट. घरात एक-दोन ताटं नैवेद्याला, सणाला जरूर असावीत, पण सहा-आठ माणसांच्या घरात दोन वेळा घासायला ती परवडत नाहीत.

राहिलं स्टील. बहुतेकांची निवड इथेच येऊन थांबते, आणि इथेच चूक होते.

बाजारातल्या बहुतेक स्टीलच्या ताटांची कड बाहेर वळवून खाली मुडपलेली असते. हाताला ती गोल, जाड, भरीव लागते. आत मात्र ती पोकळ नळी असते आणि तिचं तोंड ताटाच्या खालच्या अंगाला बारीक फटीसारखं उघडं असतं. ताट उलटं धरून घासलं की साबणाचं, खरकट्याचं पाणी त्या फटीतून आत जातं आणि नळीत गोल फिरत राहतं. मांडणीत उभं ठेवलेलं ताट वरून कोरडं दिसतं, पण अर्ध्या तासानं उचलून पानावर घ्या, मनगटावर थेंब ओघळतो. पावसाळ्यात ते पाणी दिवसभर सुकत नाही आणि कडेला कुबट वास धरतो. खरकटं अडकलं तर मुंग्या येतात.

वासापाण्यापेक्षा मोठं नुकसान गंजाचं. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, शेगाव, संग्रामपूर या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. फटीतलं पाणी आटतं, मीठ आत राहतं. उद्या पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियमच्या अदृश्य पापुद्र्यामुळे. हा पापुद्रा खरवडला तर हवेतल्या ऑक्सिजननं आपोआप पुन्हा धरतो. बंद फटीत हवा पोचत नाही, वरून मिठाचा मारा, त्यामुळे पापुद्रा तिथेच हरतो. दोन-तीन वर्षांत कडेखालून तांबूस ओघळ दिसू लागतात. काही ताटांच्या कडेत मजबुतीसाठी लोखंडी तार घातलेली असते, तिथे हे आणखी लवकर होतं. शेवटी मुडप उकलते, पत्र्याची धार बाहेर येते आणि भांडी घासणारीचं बोट कापतं. ताटाचा मधला भाग तेव्हा ठणठणीत असतो; ताट जातं ते कडेपायी.

मुडप घालतातच का? पातळ पत्र्याची धार हाताला कापते, म्हणून ती आत लपवावी लागते. आणि मुडपलेली कड हातात घेतली की पातळ ताटही जाड वाटतं. आपण ताट नेहमी कडेलाच धरून पारखतो, त्यामुळे फसतो. म्हणून कड सोडा, ताटाच्या मध्यावर अंगठा दाबा. "टिक-टिक" वाजून तळ आतबाहेर झाला तर पत्रा पातळ आहे. असं ताट वर्षभरात पोट काढतं आणि फरशीवर भोवऱ्यासारखं फिरू लागतं. एका हातानं भाकरी मोडताना दुसऱ्या हातानं ताट धरून बसावं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे उघड्या कडेचं ताट. पत्रा एवढा जाड की कड मुडपायची गरजच नसते. धार घासून, पॉलिश करून गोल केलेली असते. नखानं कडेखाली चाचपलं तर फट लागत नाही. शोधायला थोडी अधिक दुकानं फिरावी लागतात, आणि ढिगात ते उठून दिसत नाही, कारण कड बारीक दिसते.

जाडीचा हिशेब वजनानं करा. 12 इंची, बोट-दीड बोट उंच काठाचं ताट 22 गेजचं असेल तर साधारण 500 ग्रॅम भरतं, 24 गेजचं 400, 26 गेजचं सव्वातीनशेच्या आसपास, 28 गेजचं 270. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, इथे बरेच जण उलटं समजतात. उघड्या कडेला 22 गेज घ्या, 24 पेक्षा पातळ नको. जुन्या कपड्यांवर मिळणारी ताटं बहुधा 28 किंवा त्याहून पातळ असतात. किलोच्या भावानं विकणाऱ्या दुकानात जाड ताटाला पैसे जास्त लागतील, पण भाव तोच राहतो. नगावर विकणाऱ्याकडे मात्र काटा मागून घ्या.

लोहचुंबकाचा खेळ दुकानात सगळे करतात. घट्ट चिकटला तर त्या स्टीलमध्ये निकेल नाही, एवढंच कळतं. चिकटला नाही म्हणजे 304, म्हणजे भरपूर निकेल असलेलं चांगल्या प्रतीचं स्टील, मिळालं असं नाही, कारण कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेलं 202 सुद्धा चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. गोड्या पाण्याच्या गावात 202 चं जाड ताट पुरेसं टिकावं. खारपाण पट्ट्यात मात्र 304 च घ्या आणि पावतीवर "304" लिहून मागा. ताटावर आयएसआयची खूण आणि आयएस 14756 हा स्टीलच्या भांड्यांच्या मानकाचा आकडा असेल तर उत्तम.

घरात मुडपाची ताटं आहेतच, ती लगेच टाकायची नाहीत. धुतल्यावर ताट उभं धरून कड दोनदा फडक्यावर आपटा, म्हणजे नळीतलं पाणी खाली येतं. मग उन्हात उभं ठेवा आणि रोज वेगळी बाजू खाली घ्या, नाहीतर मीठ एकाच जागी साचतं. ओली ताटं एकात एक रचू नका. पाण्याचे पांढरे डाग आले तर एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्व घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा, नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवा. राख वापरायची तर चाळून घ्या, चुलीतले खडे ओरखडे पाडतात. साध्या लोखंडी तारेची घासणी टाळलेली बरी. तिचे कण ताटात रुततात, ते गंजतात आणि आपण म्हणतो स्टीलच गंजलं.

उघड्या कडेत एक उणीव आहे. पंगतीत गरम वरणभात वाढलेलं ताट उचलताना ती बोटांना लवकर भाजते; पोकळ मुडपाची कड तेवढी तापत नाही. वाढून मग ताट हलवायची सवय असेल तर हे जाणवेल. आधी ताट मांडून मग वाढणाऱ्या घरात याचा त्रास फारसा होत नाही.

घेताना बाराच्या जागी चौदा घ्या, एकाच दुकानातून, एकाच गेजची, म्हणजे रचताना अडकत नाहीत. आणि नाव टाकायच्या आधी प्रत्येक ताट दुकानातल्या फरशीवर पालथं-उताणं ठेवून डुगडुगतं का ते बघा. नाव कोरलेलं ताट दुकानदार परत घेत नाही.